जुनी कॉमिक्स बाइंडरकडे देण्याआधी

बाइंडरच्या टेबलावर अंकांचा गठ्ठा ठेवून 'हे बांधून द्या' एवढंच सांगितलंत तर पुढे काय होतं, ते आधी सांगतो. तो गठ्ठा ठोकून सारखा करतो, पाठीपासून बोटभर आत टोच्याने भोकं पाडतो, जाड दोरा ओवून आवळतो, पाठीला खळ फासतो, कटिंग मशीनखाली घालून उरलेल्या तिन्ही बाजू सपाट करतो आणि वर पुठ्ठे चढवून रेक्झिन लावून देतो. वाचनालयांच्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच बांधल्या गेल्या आहेत, तेव्हा त्याचं काही चुकत नाही. पण कादंबरीच्या पानाला चारही बाजूंनी भरपूर मोकळी जागा असते. कॉमिकमध्ये चौकटी जवळजवळ घडीपर्यंत भिडलेल्या असतात. बोटभर आतून शिवलं की प्रत्येक डाव्या पानावरच्या फुग्यातले शेवटचे शब्द आणि उजव्या पानावरचे पहिले शब्द शिलाईत गडप होतात. कटिंगमध्ये वरचा क्रमांक आणि खालची 'पुढील अंकी' जाते. असा खंड वाचायचा तर तो दोन्ही हातांनी ताणून धरावा लागतो, आणि ताणला की जुना कागद शिलाईच्या रेषेवर फाटतो.

हे सगळं टाळता येतं, आणि त्याचं कारण कॉमिकच्या घडणीतच आहे. घडीवर दोन पिना मारलेला अंक म्हणजे एकात एक घातलेले, मधोमध दुमडलेले कागद. ३२ पृष्ठं आणि मुखपृष्ठाची ४ धरली तर असे नऊ कागद झाले. चांगल्या शिवलेल्या पुस्तकात ज्याला फर्मा म्हणतात तो हाच. म्हणजे तुमचा प्रत्येक अंक आधीच एक तयार फर्मा आहे. पिना काढायच्या, त्याच घडीतून सुई घालायची आणि एकेक अंक शेजारच्या अंकाला दोऱ्याने जोडत जायचं. बाइंडर लोक याला जुजबंदी म्हणतात. यात पान घडीपर्यंत उघडतं आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र अखंड दिसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे: अंक घडीतून शिवून घ्यायचे, बाजूने टोचू द्यायचे नाहीत.

बांधायचं काय

आधी बांधू नये असं काय, ते पाहू. अमर चित्रकथा सुटी असेल आणि फाटायला आली नसेल तर बांधण्याच्या भानगडीत पडू नका. प्रकाशकांनीच पुठ्ठा बांधणीचे एकत्रित खंड काढलेले आहेत, ते घ्या. दुर्मीळ अंकही सुटेच राहू द्यावेत. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. अगदी सुरुवातीचे अंक वेताळाचे (म्हणजे फँटमचे), त्यांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवलेली. हे अंक चांगल्या अवस्थेत हाती असतील तर संग्राहकाच्या लेखी पिन काढली त्या क्षणी त्यांची किंमत पडते. ते आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात आडवे ठेवावेत आणि बांधणीचं नावही काढू नये.

बांधण्यासारखे अंक म्हणजे वाचून वाचून मऊ पडलेले, कोपरे दुमडलेले, कुणाचं तरी नाव शाईने घातलेले, बाजारात फारसं मोल नसलेले पण घरात पुन्हा पुन्हा हाताळले जाणारे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली बहुतेक इंद्रजाल या गटात येतात. चांदोबाचे अंकही येतात. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघायला लागला. तो मासिक होता, त्यामुळे वर्षाच्या बारा अंकांचा एक खंड ही त्याची आपसूक मांडणी होते, शिवाय 'क्रमशः' कथाही एका जागी येतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासूनचं, त्यालाही हेच लागू. एक मात्र बघून घ्या, जुन्या मासिकांचे काही अंक, विशेषतः जाडजूड दिवाळी अंक, घडीवर नव्हे तर बाजूने पिना मारलेले किंवा पाठीला गोंद लावलेले असतात. त्यांना मधली घडीच नसते, त्यामुळे ते या पद्धतीने शिवता येत नाहीत. ते बाजूला काढा. त्यांचं साध्या बाजूच्या शिलाईने फारसं बिघडत नाही, कारण त्यांत आतली समास मुळातच जास्त सोडलेली असते.

अलीकडे अमेरिकन मासिक कॉमिक्स जमवणारेही बरेच आहेत. त्यांचा आकार साधारण १७ बाय २६ सेंटिमीटर आणि घडीवर दोन पिना, म्हणजे पद्धत तीच. फक्त त्यांचा कागद गुळगुळीत असतो आणि त्यावर गोंद नीट धरत नाही. 'पाठीला फेविकॉल मारून देतो, शिलाईची गरज नाही' असं कुणी म्हणालं तर गठ्ठा उचलून परत यावं.

यादी आणि जुळणी

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एका वहीत अंकाचा क्रमांक, तारीख, कथेचं नाव, पृष्ठं पुरी आहेत का आणि काय बिघडलंय एवढं लिहा. पानं मोजाच. मधला कागद निसटून हरवलेला असणं ही जुन्या कॉमिकमधली सर्वात नेहमीची उणीव, आणि ती बांधून झाल्यावर कळली की काही करता येत नाही. कूपन कापलेलं असेल तर त्याच्या मागची चौकटही गेलेली असते, तेही टिपून ठेवा.

इंद्रजालच्या क्रमांकांत एक मेख आहे. ते आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. बराच काळ क्रमांक सलग चालले, पुढे ऐंशीच्या दशकात 'खंड अमुक, अंक तमुक' अशी पद्धत आली. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून लावायला गेलात तर गोंधळ होतो. तारीख धरून लावा. १२३ आणि १२४ या क्रमांकांचे अंक संपामुळे छापलेच गेले नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी फोर्टच्या फुटपाथवर हिंडू नका.

क्रमाने बांधायचं की नायकाप्रमाणे, यावर दोन तट आहेत. क्रमाने बांधलं तर वेताळ, मग जादूगार मांड्रेक, मग आबिद सुरतींचा बहादूर, मग पुन्हा वेताळ, असं तेव्हा दर आठवड्याला मिळायचं तसं वाचायला मिळतं. नायकाप्रमाणे लावलं तर दोन-तीन अंकांत विभागलेल्या कथा सलग येतात. माझं मत क्रमाच्या बाजूने आहे, पण संग्रहात मोठी भगदाडं असतील तर क्रमाला काही अर्थ उरत नाही. मग बिनधास्त वेताळाचा वेगळा खंड करा. एका खंडात १२ ते १५ अंक पुरे. जास्त कोंबले की दोऱ्यामुळे पाठ फुगते आणि खंड पाचरीसारखा होतो.

मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायचा सल्ला काही बाइंडर देतात, 'जाडी कमी होईल' म्हणून. ऐकू नका. पॉपिन्सच्या राम आणि श्यामची जाहिरात त्या अंकाचाच भाग आहे. शिवाय मुखपृष्ठाचा जाड कागद बाहेरून आहे म्हणूनच घडीला शिलाईचा ताण सोसतो.

पिना काढणे

हे काम स्वतः करा. बाइंडरकडचा पोऱ्या एका झटक्यात पिना उपटतो आणि त्या झटक्यात मुखपृष्ठाचा तुकडा पिनेबरोबर येतो.

अंक मधल्या पानावर उघडून सपाट टेबलावर ठेवा. पिनेचे दोन पाय आतल्या बाजूला दुमडलेले दिसतील. पातळ, बोथट पट्टी पायाखाली सरकवून तो हळूच उभा करा. नेलकटरमधली नखं साफ करायची पट्टी यासाठी उत्तम. दुसरा पायही तसाच. मग अंक पालथा घालून पाठीवरून पिनेखाली तीच पट्टी घाला आणि पीन सरळ वर उचला, तिरकी नको. पीन गंजली असेल तर ती कागदाला चिकटलेली असते आणि भोवती तांबूस डाग असतो. तिथे ओढायला जाऊ नका. पाय उभे केल्यावर छोट्या पक्कडीने पीन मधोमध कापा आणि दोन अर्ध्या वेगवेगळ्या काढा. गंजाची भुकटी मऊ ब्रशने झटका, बोटाने पुसलीत तर ती कागदात शिरते.

पिना निघाल्या की अंकातले कागद सरकू लागतात. लगेच जाड दोऱ्याचं एक सैल वेढं घडीभोवती घाला आणि अंकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मध्ये ठेवा. एका वेळी एकच अंक उघडायचा. दोन अंकांचे कागद मिसळले तर पुढची संध्याकाळ गेली म्हणून समजा.

स्कॅन करून ठेवायचं असेल तर ती वेळ हीच. कागद पूर्ण सपाट होतो, घडीची सावली पडत नाही. बांधल्यावर इतकं स्वच्छ स्कॅन पुन्हा मिळत नाही.

डागडुजी

सेलोटेप वापरायचा नाही, आणि आधीचा लावलेला असेल तर ओढून काढायचा नाही. जुन्या टेपचा गोंद कागदात मुरलेला असतो. टेप सुकून आपोआप सुटत असेल तेवढाच काढा, बाकी राहू द्या.

घडीवर फाटलेल्या कागदाला पातळ जपानी टिश्यूची पट्टी आतून लावायची. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. कागद न्यूजप्रिंटसारखा असल्यामुळे खळ जेमतेम लावा, ओलं जास्त झालं की रंग पसरतो आणि कागद सुरकुततो. पट्टी लावून वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तक, आणि रात्रभर तसंच राहू द्या. जपानी टिश्यू कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळतो. पतंगाचा कागद चालेल का असं हमखास विचारलं जातं. चालत नाही, त्याचा रंग उतरतो.

पानं पिवळी पडली आहेत त्यावर घरी काही इलाज नाही. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचं लिग्निन राहिलेलं असतं, ते हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं. उन्हात घालून पुस्तकं 'ताजी' करायची पद्धत घरोघरी आहे, पण कॉमिकला ऊन दाखवलं की पिवळेपणा वाढतो आणि लाल रंग उडतो. बुरशीचा वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर, पानं उलगडून ठेवा आणि ब्रशने झटकताना तोंडाला मास्क लावा.

कसर लागलेली असेल तर ते अंक बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर कागदावर पाणी धरतं. घरात यावर चर्चा होईल, पिशवी मटारांच्या मागे ठेवा.

बाइंडर शोधणे

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फोर्ट, गिरगाव भागात विचारत गेलात तर बाइंडर सापडतो. इतर गावांत सर्वात सोपा मार्ग म्हणजे तिथल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन त्यांची पुस्तकं कोण बांधतं ते विचारणे. कॉलेजच्या प्रकल्पांची 'ब्लॅक बुक' बांधणारी दुकानं सगळीकडे आहेत, पण त्यांचं काम झटपट गोंदाचं असतं. त्यांच्याकडे शिलाईसाठी जाऊ नका. सोनेरी अक्षरं उठवायला मात्र तेच बरे.

दुकानात गेल्यावर आधी विचारा, 'फर्मे घडीतून शिवता का?' हो म्हणाला तर त्याने तसं बांधलेलं एक पुस्तक बघायला मागा आणि मधोमध उघडा. ते टेबलावर आपोआप सपाट पडून राहिलं तर माणूस योग्य आहे. कित्येकांनी हे काम वर्षानुवर्षं केलेलं नसतं, पण दुकानातल्या म्हाताऱ्या काकांना ते हमखास येत असतं. काकांशीच बोला, आणि घाईत बोलू नका.

सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून द्या, कारण काम घेणारा आणि करणारा बहुधा वेगळा असतो. माझ्या चिठ्ठीत हे असतं: प्रत्येक अंक घडीतून शिवावा, बाजूने टोचू नये. शक्यतो पिनांचीच भोकं वापरावीत, वर-खाली साखळी टाक्यासाठी नवीन दोन पुरेत. दोरा पातळ पण मजबूत, पाठीला फितीचा आधार. कटिंग अजिबात करू नये, कडा वरखाली राहिल्या तरी चालतील. क्रम बदलू नये. पाठीवर जाळीचं कापड लावून मगच पुठ्ठा चढवावा. 'कटिंग करू नये' हे लाल शाईने, दोनदा. अंक उंचीला थोडे कमीजास्त असले की मशीनवरच्या माणसाचा हात शिवशिवतोच.

दर विचारताना 'खंडामागे किती' असा विचारा आणि घासाघीस बेताने करा. जुजबंदीला बाजूच्या शिलाईच्या कितीतरी पट वेळ लागतो. फार पाडून मागितलंत तर तो हो म्हणेल आणि टोच्याने मोकळा होईल. पहिल्यांदाच जात असाल तर ज्यांचं काही झालं तरी वाईट वाटणार नाही असे पाच-सहा अंक आधी द्या. ते काम बघा, मगच पुढचं बोला. आणि हे सगळं दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत करा. जूनमध्ये दिलेला खंड आतून ओलाच घरी येतो, मग आठवडाभरात पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते. कोकणात तर विचारूच नका.

पुठ्ठा, कापड, खळ

पुठ्ठा दोन ते अडीच मिलिमीटरचा. रेक्झिन स्वस्त आणि पुसता येणारं, पण दहा-पंधरा वर्षांत पाठीच्या सांध्यावर तडकतं. थोडे पैसे जास्त देऊन बांधणीचं कापड घ्या. पुठ्ठा आणि अंक यांच्यामध्ये येणारा अस्तराचा कागद शक्य असेल तर स्वतः आणून द्या, जाड आणि आम्लमुक्त. दुकानातला रंगीत मार्बल छापाचा कागद दिसतो सुंदर, पण दमट हवेत त्याचा रंग पहिल्या मुखपृष्ठावर उतरू शकतो.

खळीचं जरा नीट ऐका. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची जुनी पद्धत आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागद जाळतं. वर्षांनी त्या जागी कागद तपकिरी होऊन ठिसूळ पडतो. 'मोरचूद नको' असं स्पष्ट सांगा. घरात कुत्रं-मांजर असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ते विषारी आहे आणि पिठाच्या खळीचा वास जनावरांना ओढतो. आमच्याकडे निवारा केंद्रातून दत्तक घेतलेली गावठी कुत्री आहे. उपाशी दिवस काढलेल्या कुत्र्याला खाण्याची वस्तू आणि खाण्याच्या वासाची वस्तू यांतला फरक समजावून सांगता येत नाही, त्यामुळे नवा खंड पहिले काही आठवडे कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि सर्वात खालची फळी कायमची तिच्या अंथरुणासाठी सोडलेली आहे. तुम्ही नव्याने कुत्रं आणत असाल तर फळ्यांची ही अदलाबदल ते घरी यायच्या आधीच करा.

पाठीवरची अक्षरं

सोनेरी अक्षरांचे खिळे बहुतेक दुकानांत इंग्रजी असतात. देवनागरी असले तरी जोडाक्षरांचे वांधे असतात आणि 'इंद्रजाल' मधला 'द्र' नेमका नसतो. त्यापेक्षा कंप्युटरवर मजकूर जुळवून त्याचा ब्लॉक करून घ्या; एकदा केला की सगळ्या खंडांना चालतो, खंडाचा आकडा तेवढा वेगळा उठवायचा. मजकूर थोडका ठेवा: नाव, वर्ष, कुठून कुठपर्यंतचे अंक. पाठ रुंद असेल तर अक्षरं आडवी घ्या, उभ्या ओळी वाचताना मान मोडते. छापण्याआधी कागदावर उमटवून बघा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

घरी आल्यावर

दुकानातच खंड तपासा. यादीशी क्रम ताडून बघा, कुठलाही अंक उलटा लागलेला नाही ना ते बघा, मधल्या एका अंकाचं मधलं पान उघडून फुगे पूर्ण वाचता येतात का ते बघा. पैसे त्यानंतर.

नवा खंड मधोमध उघडून दाबू नये, पाठ तडकते. खंड पाठीवर उभा धरा, आधी दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा, मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं, असं मध्यापर्यंत या. दोन-तीनदा केलं की पाठ सैल होते. मग एक-दोन दिवस वजनाखाली ठेवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं, पावसाळ्यात ती भिंत ओल ओढते. खंड उभे ठेवा, फार गच्च नकोत. काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायची सवय असेल तर ती मोडा, शेजारचे दोन खंड आत ढकलून मधला धरायचा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कोरडा दिवस मिळेल तेव्हा पानं फिरवून हवा द्या.

पुढचे खंड करायचे असतील तर बाइंडरकडून आत्ताच त्याच कापडाचे एक-दोन मीटर विकत घेऊन ठेवा. तोच हिरवा पुढच्या वर्षी मिळत नाही. 'सेम आहे साहेब' म्हणून तो जे दाखवतो ते सेम नसतं, आणि ते फळीवर लावल्यावर कळतं.